कुजणारे प्लॅस्टिक आणि मातीचे पापुद्रे

टिकाऊपणा हा प्लॅस्टिकचा सर्वांत मोठा गुण मानला जात असे. ते पाण्याने कुजत नाही, गंजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. पुढे हाच गुण दोष ठरला. बाजारातून घरी येईपर्यंत उपयोगी पडलेली पिशवी वापरणाऱ्याच्या आयुष्यापेक्षाही अधिक काळ गटारात, नाल्यात व शेतात पडून राहू लागली. प्लॅस्टिक पिशव्यांवर कर्नाटकात २०१६ साली आणि महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली. १ जुलै २०२२ पासून, एकदा वापरून टाकून द्यावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंना देशभर मनाई झाली. मात्र या नियमांत एक सवलत आहे. जे प्लॅस्टिक खतखड्ड्यात कुजून त्याचे कंपोस्ट होते, त्याला ही मनाई लागू नाही. त्यामुळे ‘जैवविघटनशील’ हा प्रयोगशाळेतला शब्द एकदम बाजारपेठेत आला.

अशी बहुतेक प्लॅस्टिके रसायनशास्त्राच्या भाषेत पॉलिएस्टरे असतात. ती मजबूत व्हावीत, स्वस्त व्हावीत म्हणून त्यांत खनिजाचे बारीक कण मिसळले जातात. येथे एक शंका साहजिकच मनात येते. जो पदार्थ कुजावा अशी आपली इच्छा आहे, त्यात दगडमातीचे कण घालून तो बळकट केला तर तो कुजण्याचे थांबणार नाही काय? या शंकेचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. ते का देता येत नाही, हे समजावून घेणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पॉलिएस्टर म्हणजे काय?

कार्बनी आम्ल व अल्कोहोल यांचा संयोग झाला की पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि एस्टर तयार होते. ॲसेटिक आम्ल व इथाइल अल्कोहोल तापवून फळासारख्या वासाचे एस्टर बनविण्याचा प्रयोग विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. एकाच रेणूच्या एका टोकाला आम्लगट व दुसऱ्या टोकाला अल्कोहोलगट असेल, तर असे शेकडो रेणू एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळी तयार करतात. ही साखळी म्हणजेच पॉलिएस्टर होय. एस्टर बनण्याची क्रिया उलटही होऊ शकते. पाण्याचा रेणू एस्टर बंधात शिरला की बंध तुटतो आणि आम्ल व अल्कोहोल पुन्हा वेगळे होतात. या क्रियेला जलविच्छेदन म्हणतात. ज्या क्रियेने माळ गुंफली गेली, तिच्याच उलट क्रियेने ती सुटते.

मग टेरिलीनचा सदरा पावसात का विरघळत नाही? टेरिलीन हेही पॉलिएस्टरच आहे. व्हिनफील्ड व डिक्सन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी ते १९४१ साली शोधून काढले. त्याच्या साखळीत बेंझीनची ताठर कडी जागोजागी बसविलेली असतात. त्यामुळे साखळ्या दाट रचल्या जातात आणि पाण्याला व सूक्ष्मजंतूंच्या विकरांना, म्हणजे एंझाइमांना, एस्टर बंधापर्यंत सहजी पोचता येत नाही. ज्या साखळीत अशी कडी नाहीत किंवा थोडीच आहेत, ती मात्र लवचिक असते व सहज तुटते.

ही गोष्ट वॉलेस कॅरदर्स यांना १९३० च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत काम करताना आढळली होती. त्यांनी बनविलेली साधी पॉलिएस्टरे कमी तापमानास वितळत आणि पाण्याने खराब होत. कापडाच्या धाग्याला हे दोष परवडणारे नव्हते. म्हणून कॅरदर्स पॉलिअमाइडांकडे वळले व १९३५ साली नायलॉन जन्माला आले. तत्पूर्वी १९२६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मॉरिस लमुआन यांना एका जिवाणूच्या पेशीत पॉलिएस्टरचेच कण सापडले होते. आपण चरबी साठवितो त्याप्रमाणे हा जिवाणू पॉलिएस्टर साठवून ठेवतो व उपासमारीत तेच खातो. पॉलिएस्टर पचविण्याची विद्या निसर्गाजवळ माणसाच्या आधीपासून होती, याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

१९७० च्या सुमारास शस्त्रक्रियेतील टाक्यांसाठी पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा धागा वापरात आला. काही आठवड्यांत शरीरातच विरून जाणे हा त्याचा गुण ठरला. कॅरदर्सना नडलेला दोष येथे कामास आला. दह्याला आंबटपणा देणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून बनणारे पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पी.एल.ए., हे या कुळातील आज सर्वांत प्रसिद्ध. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ब्लेअर येथे २००२ साली मक्याच्या साखरेपासून ते मोठ्या प्रमाणावर बनविणारा कारखाना सुरू झाला. पी.सी.एल., पी.बी.एस. आणि पी.बी.ए.टी. ही त्याची भावंडे. यांपैकी पी.बी.ए.टी. मध्ये टेरिलीनप्रमाणे बेंझीनची कडी असतात. पण ती विरळ असल्याने विकरांना वाट मिळते. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्या पुष्कळदा पी.बी.ए.टी. मध्ये पी.एल.ए. किंवा स्टार्च मिसळून केलेल्या असतात.

उणिवा कोणत्या?

पी.एल.ए. चे ताणबल सुमारे ५० ते ७० मेगापास्कल असते. नित्याच्या पॉलिथीनपेक्षा हे पुष्कळच अधिक. परंतु ताणले असता ते सुमारे ५ टक्के वाढते न वाढते तोच तुटते, म्हणजे ते ठिसूळ आहे. त्याचे वितळणे १७० ते १८० अंश सेल्सिअसला होत असले तरी ५५ ते ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडते. या तापमानाला काच-संक्रमण तापमान असे म्हणतात. हे तापमान पुढे पुन्हा आपल्या कामास येणार आहे, म्हणून ते ध्यानात ठेवावे. वाफाळता चहा ओतला तर स्फटिकीकरण न झालेल्या पी.एल.ए. चा पेला वाकडा होतो, याचे कारण हेच. शिवाय ऑक्सिजन व पाण्याची वाफ त्यातून बऱ्यापैकी आरपार जातात. पी.बी.ए.टी. याच्या उलट: ते पॉलिथीनसारखे मऊ व ताणले जाणारे, पण ताठपणा कमी. या उणिवा भरून काढण्यासाठी खनिजांचा उपयोग केला जातो.

काळ्या मातीतील खनिज

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. ज्या कणाची निदान एक बाजू १०० नॅनोमीटरपेक्षा लहान असते त्याला नॅनोकण म्हणतात. या कामात सर्वांत अधिक अभ्यासले गेलेले खनिज म्हणजे माँटमोरिलोनाइट. त्याचे नाव फ्रान्समधील माँटमोरियाँ या गावावरून पडले असले तरी ते आपल्याला परके नाही. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली आपली काळी कापशी जमीन, जिला कानडीत ‘एरे मण्णु’ म्हणतात, ती याच खनिजगटाने समृद्ध आहे. पावसाळ्यात ही जमीन फुगते, उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. याचे कारण या खनिजाच्या रचनेत आहे. पत्त्यांच्या जोडासारखे त्याचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक पापुद्रा अवघा १ नॅनोमीटर जाडीचा, पण लांबीरुंदीने शेकडो नॅनोमीटर. दोन पापुद्र्यांमध्ये सोडियम, कॅल्शियम यांचे धनायन व पाणी असते. पाणी आत शिरले की पापुद्रे दूर सरतात, पाणी गेले की जवळ येतात.

पत्ते सगळे सुटे केले तर काय मिळते, याचे गणित सोपे आहे. या खनिजाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.६ ग्रॅम धरू. १ ग्रॅम खनिजाचे १ नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे केले आणि दोन्ही बाजू मोजल्या, तर पृष्ठफळ जवळजवळ ७७० चौरस मीटर भरते. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. म्हणजे चिमूटभर मातीत अशी सुमारे सहा मैदाने दडलेली आहेत. हेच पापुद्रे हजारपट जाड राहिले तर पृष्ठफळ पाऊण चौरस मीटरवर येते. नॅनोकणांचे सारे सामर्थ्य या पृष्ठफळात आहे. थोड्याशा खनिजाला प्लॅस्टिकच्या असंख्य साखळ्यांशी संबंध जोडता येतो.

अडचण एवढीच की खनिज पाण्याचे सोबती आणि पॉलिएस्टर तेलाच्या वळणाचे. दोघांचे सहजी जमत नाही. म्हणून पापुद्र्यांमधील सोडियम काढून त्याच्या जागी अठरा कार्बनांची लांब शेपटी असलेले अमोनियम धनायन बसवितात. अशा संस्कारित मातीत पॉलिएस्टरच्या साखळ्या शिरू शकतात. साखळ्या शिरल्या आहेत की नाही हे क्ष-किरणांनी कळते. तांब्याच्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर असते. मूळ मातीचे शिखर सुमारे ७.४ अंशांच्या विवर्तन कोनावर दिसले, तर ब्रॅगच्या नियमाने पापुद्र्यांचे अंतर १.२ नॅनोमीटर येते. शिखर २.९ अंशांवर सरकले तर अंतर ३ नॅनोमीटर झाले असे समजावे. शिखर नाहीसे झाले तर पापुद्रे पूर्ण विखुरले असण्याचा संभव असतो. तथापि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिल्याखेरीज तसा निष्कर्ष काढू नये.

गुणधर्मांत पडणारा फरक

या विषयाला चालना मिळाली ती जपानमधील टोयोटा कंपनीच्या संशोधन केंद्रात. तेथे १९८० नंतरच्या दशकात नायलॉनमध्ये ४ ते ५ टक्के माँटमोरिलोनाइट विखुरून पाहण्यात आले. नायलॉनचा ताठपणा जवळजवळ दुप्पट झाला आणि भाराखाली वाकण्याचे तापमान ६५ अंशांवरून १४० अंशांच्या पलीकडे गेले. हीच युक्ती पुढे जैवविघटनशील पॉलिएस्टरांना लावण्यात आली. त्यांचाही ताठपणा वाढतो. कणांभोवती स्फटिक लवकर धरतात, आणि स्फटिकीकरण चांगले झाले तर पी.एल.ए. उष्णतेलाही अधिक टिकते. मात्र ठिसूळपणा बहुधा कमी होत नाही, कित्येकदा वाढतोच. खनिजाचे प्रमाण ५ टक्क्यांच्या फार पुढे नेले तर पापुद्रे पुन्हा एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. मग गुठळी हीच तुटण्याची जागा बनते.

वायूंना होणारा अडथळा समजण्यासाठी १९६७ साली नील्सन यांनी मांडलेले समीकरण उपयोगी आहे. खनिजाचे आकारमानी प्रमाण ‘फ’, पापुद्र्याची लांबी ‘ल’ व जाडी ‘ज’ मानली, तर

संमिश्राची पारगम्यता ÷ मूळ प्लॅस्टिकची पारगम्यता = (१ − फ) ÷ (१ + ल × फ ÷ २ज)

वजनाने ४ टक्के माती म्हणजे आकारमानाने सुमारे २ टक्के. लांबी जाडीच्या १०० पट धरली तर उत्तर ०.९८ ÷ २ म्हणजे ०.४९ येते. दोन टक्के पापुद्र्यांनी वायूचा प्रवाह निम्म्यावर आणला. वायूच्या रेणूला गर्दीच्या पेठेतून जाणाऱ्या माणसाप्रमाणे प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालून जावे लागते, हे त्याचे कारण.

आता विघटनाचा प्रश्न

वरचे समीकरण वाचून कोणीही म्हणेल की पाण्यालाही असाच वळसा पडणार, म्हणून विघटन मंदावणार. काही पॉलिएस्टरांच्या बाबतीत असे घडलेले नोंदविले गेले आहे. परंतु नागोया येथील टोयोटा तंत्रज्ञान संस्थेत सुप्रकाश सिन्हा रे व मासामी ओकामोटो यांनी २००० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत पी.एल.ए. वर जे प्रयोग केले त्यांत उलट दिसून आले. कंपोस्टमध्ये सुमारे ५८ अंशांवर पहिला महिना शुद्ध पी.एल.ए. व मातीयुक्त पी.एल.ए. बरोबरीनेच चालले. त्यानंतर मातीयुक्त नमुन्याचे वजन झपाट्याने घटले आणि दोन महिन्यांत तो पूर्णपणे विघटित झाला. शुद्ध पी.एल.ए. मागे राहिले.

या विसंगतीचा उलगडा होण्यासाठी विघटनाचे दोन मार्ग लक्षात घ्यावे लागतात. पी.एल.ए. ची मोठी साखळी सूक्ष्मजंतूंना गिळता येत नाही. आधी पाणी आतवर मुरते, एस्टर बंध तोडते, रेणुभार लाखावरून काही हजारांवर येतो, आणि मग जंतू त्या तुकड्यांचा फडशा पाडतात. प्रत्येक बंध तुटताना एक आम्लगट मोकळा होतो, आणि आम्ल हे जलविच्छेदनाचे उत्प्रेरक असल्याने क्रिया आपोआप वेग घेते. पी.सी.एल. व पी.बी.एस. यांच्या बाबतीत मात्र जंतूंची विकरे पृष्ठभागावरच काम करतात. साबणाची वडी झिजावी तसे ते बाहेरून आत झिजतात.

खनिज कण या दोन्ही मार्गांत एकाच वेळी दोन विरुद्ध कामे करतात. पापुद्र्यांच्या कडांवरील हायड्रॉक्सिल गट पाणी ओढून घेतात, एस्टर बंधांवर हल्ला करण्यास मदत करतात. त्यामुळे वेग वाढतो. पापुद्रे वाट अडवितात व स्फटिकांचे प्रमाण वाढवितात. स्फटिकात पाण्याला शिरकाव कमी, त्यामुळे वेग घटतो. पृष्ठभागावरून झिजणाऱ्या पॉलिएस्टरात विकरांसमोर मातीचा पडदाच उभा राहू शकतो. शिवाय मातीवर संस्कार करणारी काही अमोनियम संयुगे जंतूंना विषारी असतात. अंतिम परिणाम हा या साऱ्यांच्या बेरीज-वजाबाकीचा असतो.

इतर खनिजांची तऱ्हा निराळी. कॅल्शियम कार्बोनेट व हाडातील हायड्रॉक्सिॲपेटाइट ही अल्कधर्मी असल्याने सुटणारे आम्ल शोषून घेतात व आपोआप वाढणाऱ्या वेगाला लगाम घालतात. हाड जोडण्याच्या विरणाऱ्या स्क्रूत हायड्रॉक्सिॲपेटाइट मिसळतात, त्याचे एक कारण असे की भोवतालच्या पेशींना आम्लाचा त्रास कमी व्हावा आणि हाडाला ओळखीचे खनिज मिळावे. झिंक ऑक्साइड मात्र इतके उत्साही उत्प्रेरक आहे की पी.एल.ए. वितळवून मिसळतानाच साखळ्या तुटू लागतात; म्हणून त्याच्या कणांवर आधी लेप द्यावा लागतो.

मोजमाप आणि एक सापळा

पदार्थ दिसेनासा झाला म्हणजे त्याचे जैवविघटन झाले असे नव्हे; त्याचे बारीक तुकडेही झालेले असू शकतात. खरी कसोटी कार्बन डायऑक्साइडची. जंतूंनी प्लॅस्टिक खाल्ले तर त्यातील कार्बन श्वसनाने बाहेर पडला पाहिजे. पी.एल.ए. च्या साखळीतील एका दुव्याचा रेणुभार ७२ असून त्यात तीन कार्बन असतात. त्यापासून १३२ भार कार्बन डायऑक्साइड मिळतो; म्हणजे १ ग्रॅम पी.एल.ए. मागे १.८३ ग्रॅम. कंपोस्टयोग्य वेष्टनांच्या युरोपीय प्रमाणानुसार सहा महिन्यांत ९० टक्के कार्बनाचे रूपांतर व्हावे लागते, आणि बारा आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून अधिक अवशेष राहता कामा नये. आपल्या देशातही अशाच आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या आधारे कंपोस्टयोग्य प्लॅस्टिकला प्रमाणपत्र दिले जाते.

येथे खनिज मिसळलेल्या पदार्थात एक सापळा आहे. समजा, एका नमुन्यात ८० टक्के पी.एल.ए. व २० टक्के खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आहे. १ ग्रॅम नमुन्यातील पॉलिएस्टरपासून पूर्ण विघटनाने १.४७ ग्रॅम वायू मिळेल. परंतु सुटलेले लॅक्टिक आम्ल खडूवर क्रिया करील व त्यातूनही जास्तीत जास्त ०.०९ ग्रॅम वायू निघेल. हा वायू जंतूंनी सोडलेला नाही, दगडातून आलेला आहे. त्याने निष्कर्षात सुमारे ६ टक्क्यांची भर पडते. प्रत्यक्षात ८४ टक्के कुजलेला नमुना कागदावर ९० टक्क्यांच्या परीक्षेत उत्तीर्ण होईल. म्हणून खनिज कार्बन वेगळा काढून हिशेब करणे आवश्यक ठरते. वजन घटण्याच्या प्रयोगात चूक उलट बाजूने होते: ५ टक्के माती कधीच कुजत नाही, म्हणून पॉलिएस्टर संपूर्ण नष्ट झाले तरी घट ९५ टक्केच दिसते.

महाविद्यालयात करता येण्याजोगा प्रयोग

त्रिमितीय छपाईसाठी मिळणारी रंग नसलेली पी.एल.ए. ची तार क्लोरोफॉर्ममध्ये विरघळते. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, वायुनिःसारण कपाटात, त्या द्रावणापासून काचेच्या बशीत पातळ पापुद्रे तयार करावेत. निम्म्यांत ४ टक्के बेंटोनाइट मिसळावे. पापुद्रे पूर्ण वाळू द्यावेत. पाच बरण्यांत सारखे, पक्व व ओलसर कंपोस्ट घ्यावे. पहिलीत केवळ कंपोस्ट, दुसरीत गाळणकागद, तिसरीत शुद्ध पी.एल.ए., चौथीत मातीयुक्त पी.एल.ए. ठेवून या चारही बरण्या ५८ अंशांच्या पेटीत ठेवाव्यात. पाचवीत शुद्ध पी.एल.ए. ठेवून ती टेबलावर, खोलीच्या तापमानाला असू द्यावी. प्रत्येकीत सोडियम हायड्रॉक्साइडच्या मोजलेल्या द्रावणाची कुपी ठेवून ठराविक दिवसांनी बेरियम क्लोराइड घालून अनुमापन करावे. बरणी उघडली की तीत ताजी हवा भरू द्यावी. पाचव्या बरणीसाठी टेबलावर ठेवलेल्या केवळ कंपोस्टची आणखी एक बरणी तुलनेला घ्यावी. केवळ कंपोस्टचा आकडा वजा केल्यावर उरतो तो नमुन्याचा वायू. १ ग्रॅम पी.एल.ए. चा पूर्ण हिशेब सुमारे ४२ मिलिमोल होतो.

या प्रयोगात सर्वांत बोलकी बरणी पाचवी ठरेल. ५८ अंश हे पी.एल.ए. च्या काच-संक्रमणाच्या उंबरठ्यावरील तापमान आहे. तेथे साखळ्या हलू लागतात, पाणी आत मुरते. मोठ्या कंपोस्ट ढिगाच्या पोटात एवढी उष्णता निर्माण होते. परसातल्या खड्ड्यात, नाल्यात किंवा शेतातील २५ ते ३० अंशांच्या मातीत ती नसते, आणि तेथे पी.एल.ए. दीर्घकाळ जसेच्या तसे राहते. खनिज कणांनी वेगात केलेली वाढ-घट या तापमानाच्या फरकापुढे फारच लहान आहे.

सारांश, जैवविघटनशीलता ही घनतेसारखी केवळ पदार्थाच्या अंगची गोष्ट नाही. पदार्थ, त्यात मिसळलेले खनिज, खनिजावरील संस्कार, तापमान, ओलावा आणि तेथील जंतू या सर्वांचा तो संयुक्त परिणाम आहे. मातीचे पापुद्रे अखेर मातीत मिळतील, त्यांची चिंता नाही. पण त्यांच्यावरील अमोनियम संयुगाचे काय झाले हे विचारले पाहिजे. पिशवीवर ‘कंपोस्ट होणारी’ असे छापलेले दिसले तर कोणत्या तापमानाला, किती दिवसांत आणि काय मोजून, हे तीन प्रश्न विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारावेत. चौथा प्रश्न आपल्या नगरपालिकेला विचारावयाचा आहे: ही पिशवी वेगळी गोळा करून गरम कंपोस्ट ढिगापर्यंत नेण्याची व्यवस्था आहे काय? ती नसेल तर उत्तम पॉलिएस्टर आणि उत्तम खनिज यांचा संयोग होऊनही पिशवी अखेर नाल्यातच पडून राहील.